उन्हाळी संशोधन प्रकल्प, बिघडलेले दोन नमुने आणि उरलेले तीन आठवडे

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.चे पहिले वर्ष संपवून तुम्ही कोल्हापूरहून इंदूरला आठ आठवड्यांच्या उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी आला आहात आणि रामबागेत मावशींकडे राहता. लँथॅनम, कॅल्शियम आणि मँगेनीज यांचे मिश्र ऑक्साईड तयार करून त्याचा विद्युतरोध तापमानाबरोबर कसा बदलतो हे मोजायचे, असे काम तुम्हाला दिले आहे. पाच आठवडे गेले. नमुना दोनदा केला, दोन्ही वेळा क्ष-किरण विवर्तनाच्या (म्हणजे नमुन्यात कोणते पदार्थ तयार झाले ते दाखवणाऱ्या चाचणीच्या) आलेखात नको असलेले एक शिखर आले, आणि दुसऱ्या वेळी अधिक काळजी घेऊनही ते पहिल्यापेक्षा मोठे आले. मार्गदर्शक बहुतेक वेळ दौऱ्यावर असतात, ज्यांच्याजवळ तुम्हाला बसवले आहे ते पीएच.डी.चे विद्यार्थी तुटक बोलतात, आणि रोधाचे मोजमाप अजून सुरूही झालेले नाही. अहवालात काय लिहायचे, शिफारसपत्र मिळेल का आणि ही सुट्टी वाया गेली असे समजायचे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी इंदूरमध्येच घनपदार्थांच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे काम केले आणि दर उन्हाळ्यात दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे असत. त्या अनुभवावरून सांगते की पदार्थाचा गुण कोणता आणि आपल्या हातचा दोष कोणता, हे वेगळे करायला शिकणे एवढेच दोन महिन्यांत खऱ्या अर्थाने साधते. बाकी सर्व, म्हणजे नवा शोध, शोधनिबंधात नाव, भारी उपकरणावर हात, हे साधले तर योग, नाहीतर नाही. तुमच्यासमोर तो दोष स्वतःहून चालत आला आहे, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवून तिसरा नमुना करायच्या घाईत आहात, हे मला तुमच्या प्रश्नात सर्वांत खटकले.

तुमच्या लिखाणातला एक तपशील फार बोलका आहे. लँथॅनम ऑक्साईडची पांढरी भुकटी कपाटातल्या बाटलीतून काढून तुम्ही थेट वजनकाट्यावर घेतली आणि वजन दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या स्थानापर्यंत जुळवले. पाच ग्रॅमच्या घाण्याचा तुमचा हिशेब मी पुन्हा करून पाहिला. लँथॅनम ०.७, कॅल्शियम ०.३ आणि मँगेनीज १ या प्रमाणासाठी लँथॅनम ऑक्साईड २.६८७ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट ०.७०८ ग्रॅम आणि मँगेनीज डायऑक्साईड २.०४९ ग्रॅम लागते. हिशेब बिनचूक आहे. माझा संशय बाटलीवर आहे. लँथॅनम ऑक्साईड हवेतली आर्द्रता ओढून घेते आणि हळूहळू त्याचे हायड्रॉक्साईड होते. थोडाफार कार्बन डायऑक्साईडही ते शोषते. दोन्ही भुकट्या पांढऱ्याच असल्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही, आणि बाटलीवरची चिठ्ठी तर कारखान्यातून निघालेल्या दिवसाची साक्ष देत असते. रूपांतर पूर्ण झालेले असेल तर त्या भुकटीत वजनाने सुमारे १४.२ टक्के, म्हणजे सातवा हिस्सा, पाणी असते. याचा अर्थ असा की तुम्ही मोठ्या निगुतीने मोजलेल्या २.६८७ ग्रॅममध्ये ०.३८ ग्रॅमपर्यंत पाणी असू शकते, आणि वजनकाटा मात्र चौथ्या स्थानापर्यंतचा आकडा तितक्याच ठामपणे दाखवत राहतो.

भट्टीत हे पाणी निघून जाते आणि लँथॅनम कमी पडते. जोडीदार न मिळालेले मँगेनीज उरते आणि हवेत उच्च तापमानाला भाजल्यावर त्याचे जे ऑक्साईड राहते, त्याचे सर्वांत उंच शिखर तांब्याच्या क्ष-किरणनळीवर ३६.१ अंशांच्या कोनाजवळ दिसते. तुमचे मुख्य शिखर ३३ अंशांजवळ आहे आणि नको असलेले ‘३६ च्या थोडे पुढे’ आहे, असे तुम्ही लिहिले आहे. (या शिखरांना प्रयोगशाळेत सगळे जण ‘पीक’ म्हणतात. माझ्या एका विद्यार्थिनीने घरी फोनवर ‘माझ्या नमुन्यात नको ते पीक आले’ असे सांगितले, तेव्हा तिच्या आजोबांनी तणनाशकाची चौकशी केली होती.)

आता दुसऱ्या वेळी ते शिखर मोठे का झाले असावे? पहिला घाणा तुम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात केला. तेव्हा माळव्यातली हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल तासाभरात वाळतो. दुसरा घाणा जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला, वळवाच्या सरी पडून गेल्यानंतरचा. मधल्या काळात ती बाटली किती वेळा उघडली गेली, झाकण घट्ट लागले होते का, आणि तुमच्याखेरीज कोणी ती वापरली का, याची चौकशी करा. तुमची काळजी वाढली हे खरे, पण ती काळजी वजन करण्यात वाढली. भुकटी मात्र दरम्यान बदलत राहिली.

मी तुमचा आलेख पाहिलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच समजा आणि तो तपासून घ्या. दुसरी शक्यता अशी की भट्टीत प्रक्रियाच अपुरी झाली असेल. दोन्हींतला फरक ओळखायला सोपी वाट आहे. उरलेली भुकटी अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात पुन्हा अर्धा-पाऊण तास घोटा आणि त्याच तापमानाला आणखी एक दिवस भाजा. प्रक्रिया अपुरी असेल तर जादा शिखर खाली येईल, आणि मूळ आलेखात न मुरलेल्या लँथॅनमच्या ऑक्साईडची किंवा हायड्रॉक्साईडची खूणही सापडेल. लँथॅनमच कमी पडले असेल तर कितीही भाजले तरी मँगेनीजचे शिखर हटणार नाही, कारण त्याला जोडीदार कुठून मिळणार? हा प्रयोग दोन दिवसांचा आहे आणि त्यासाठी नवे रसायनही लागत नाही.

दोषाकडे पाठ फिरवू नका, असे मी का म्हणते, त्यामागे माझा स्वतःचा १९८८ चा उन्हाळा आहे. त्याच्या आदल्या वर्षी यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे ऑक्साईड ९० केल्विनच्या आसपास अतिवाहक होते, म्हणजे त्याचा रोध पुरता शून्य होतो, असे जाहीर झाले होते. ७७ केल्विनला उकळणाऱ्या द्रव नायट्रोजनमध्ये ते काम भागत असल्यामुळे, ज्यांच्याकडे भट्टी आणि खल होता ते सगळेच तीन भुकट्या घोटायला बसले होते. मीही एम.एस्सी.च्या सुट्टीत एका प्रयोगशाळेत त्याच कामाला लागले. पहिल्या तीन गोळ्या हिरवट निघाल्या, म्हणजे चुकीचा पदार्थ तयार झाला होता. चौथी काळी निघाली. तिच्यावर चांदीच्या पेस्टने चार बारीक तारा चिकटवल्या, बाहेरच्या दोन तारांतून विद्युतप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांमधला विभवांतर मोजायचा. संध्याकाळी सातच्या सुमारास गोळी थंड करायला घेतली. मी दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहीत होते. ११८ केल्विनला विभवांतर एकदम शून्यावर आला आणि तिथेच राहिला. ९० नव्हे, ११८! मी अक्षरशः धावत जाऊन वरिष्ठ संशोधकांना बोलावून आणले. त्यांनी आलेखाकडे पाहिलेही नाही. ‘करंट किती आहे?’ एवढेच विचारले. मी तासभर फक्त विभवांतराच्या काट्याकडे पाहत बसले होते. प्रवाहाचा मापक पाहिला तर तोही शून्यावर. थंडीने चांदीच्या पेस्टचा एक सांधा तडकला होता, तारेतून प्रवाहच जात नव्हता, आणि प्रवाह नाही म्हटल्यावर विभवांतर कुठून येणार? गोळी परत गरम होत गेली तेव्हा १४० केल्विनजवळ तो सांधा पुन्हा टेकला आणि रोध मुकाट्याने परत आला.

मी लाजेने ते पान फाडू लागले, तर त्यांनी हात धरला. ‘खाली कारण लिहा, वेळ लिहा, आणि उद्यापासून वहीत प्रवाहासाठी वेगळा रकाना आखा,’ असे ते म्हणाले. त्या सुट्टीत माझ्या सर्वांत चांगल्या गोळीचा रोध ८८ केल्विनपासून घसरला, पण ७७ पर्यंत पुरता शून्य झाला नाही. जगाच्या दृष्टीने त्या निकालाला काही किंमत नव्हती. त्यानंतर मात्र दोन्ही दिशांनी प्रवाह सोडून पाहिल्याखेरीज मी आयुष्यात एकही रोध मोजलेला नाही. प्रवाह उलटा केला की विभवांतराचे चिन्ह उलटते; तारांच्या सांध्यांवरच्या तापमानफरकामुळे जो फसवा विभवांतर निर्माण होतो त्याचे चिन्ह उलटत नाही, म्हणून दोन्ही आकड्यांच्या वजाबाकीचे अर्धे केले की तो गळून पडतो. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत दिलेले असते. ती ओळ मला ११८ केल्विनला कळली.

आता तुमच्या उरलेल्या तीन आठवड्यांकडे येऊ. आठ आठवड्यांचे शनिवार-रविवार वगळता चाळीस कामाचे दिवस होतात. पहिला आठवडा प्रवेशपत्र, सुरक्षिततेची माहिती आणि भट्टीच्या यादीत नाव लागण्यात जातो, शेवटचा अहवाल आणि सादरीकरणात. राहतात तीस. एका घाण्याला दोनदा भाजणे, मध्ये घोटणे, गोळी दाबून शेवटचे भाजणे आणि प्रत्येक वेळी भट्टी सावकाश थंड होणे, हे सर्व धरून सहा ते आठ दिवस लागतात, आणि भट्टी तुमच्या एकटीची नसते. म्हणजे सुरुवातीला तुमच्या कागदावर जे कॅल्शियमचे पाच वेगवेगळे प्रमाण लिहिलेले होते, ते कधीच होणार नव्हते. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून जी उन्हाळी शिष्यवृत्ती देतात, तीही साधारण दोन महिन्यांचीच असते आणि तिथल्या विद्यार्थ्यांचाही हाच अनुभव असतो. पाच प्रमाणांचा बेत आखण्यात मार्गदर्शकांचा थोडा दोष आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. विद्यार्थ्याने कमी काम मागितले तर तो कामचुकार ठरेल या भीतीने तो गप्प राहतो, आणि मार्गदर्शक पाच लिहितात म्हणजे निदान दोन तरी होतील या हिशेबाने.

म्हणून आता एकच घाणा करा. सोमवारी सकाळी कोरडी, भाजून घेतलेली ॲल्युमिनाची मूस वजन करा, तिच्यात त्याच बाटलीतली साधारण पाच ग्रॅम भुकटी घाला, पुन्हा वजन करा आणि १००० अंश सेल्सियसला रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी भट्टी दोनशेच्या खाली आल्यावर मूस चिमट्याने थेट डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणबंद भांड्यात) ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच वजन करा. गरम मुशीभोवती हवा वर चढत असते आणि काटा खोटे बोलतो. डेसिकेटरमधले सिलिका जेल निळे आहे की गुलाबी झाले आहे तेही आधी पाहून घ्या. माझ्या प्रयोगशाळेत ते निम्मे वर्ष गुलाबीच असे आणि झाकण मात्र सर्वजण भक्तिभावाने लावत. जेल नारिंगी जातीचे असेल तर रंग वेगळे असतात, ते तिथल्या तंत्रज्ञांना विचारा. वजनातली घट सात टक्के आली की चौदा, हा तुमच्या प्रकल्पातला पहिला खरा आकडा असेल.

याच भुकटीतून तुमच्या अहवालाचा कणा तयार होऊ शकतो. भाजलेल्या भुकटीतला एक ग्रॅम उघड्या काचेच्या बशीत टेबलावर ठेवा, दुसरा ग्रॅम डेसिकेटरमध्ये. पहिल्या दिवशी दर तासाला आणि नंतर सकाळ-संध्याकाळ दहा दिवस दोन्हींची वजने घ्या, शेजारी खोलीचे तापमान आणि आर्द्रता लिहा. रोज दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे आणि भट्टी चालू असताना ते आरामात होते. नेमका याच दिवसांत इंदूरला पाऊस लागतो, म्हणजे हवा कोरडी असताना काय होते आणि दमट झाल्यावर काय होते, हे दोन्ही तुमच्या एकाच आलेखात येईल. ‘आपल्या प्रयोगशाळेत जूनमध्ये लँथॅनम ऑक्साईड किती वेळ उघडे ठेवलेले चालते’ हा प्रश्न नोबेलच्या यादीत जाणार नाही, परंतु तुमच्यानंतर येणारा प्रत्येक विद्यार्थी ते पान उघडून पाहील.

भाजलेल्या भुकटीतली उरलेली दोन-सव्वा दोन ग्रॅम लगेच, डेसिकेटरमधून काढल्या काढल्या, नव्या घाण्यासाठी वापरा. घाणा पाचाऐवजी चार ग्रॅमचा झाला तरी एका गोळीला पुष्कळ होतो. १००० अंशांना एक दिवस, घोटून ११०० ला एक दिवस, मग गोळी दाबून १३०० ला एक दिवस, हा सर्वसाधारण क्रम आहे. तुमच्या भट्टीची कमाल मर्यादा त्याहून कमी असेल तर प्रयोगशाळेतल्या जुन्या वह्यांमध्ये वापरलेला क्रम घ्या.

विवर्तनाच्या वेळी थोडी सिलिकॉनची भुकटी आधी मोजून घ्या. तिचे पहिले शिखर २८.४४ अंशांवर यायला हवे. नमुना धारकात एक दशांश मिलिमीटर जरी वर राहिला, तरी नेहमीच्या यंत्रावर शिखर सुमारे ०.०५ अंश सरकते, आणि नवखे विद्यार्थी त्या सरकण्याला ‘कॅल्शियममुळे जालक (स्फटिकातली अणूंची मांडणी) आकुंचन पावले’ असे नाव देऊन मोकळे होतात. हे काम कमी प्रतीचे वाटत असेल तर एवढेच लक्षात घ्या की याच शहरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा, १७२ मीटरहून अधिक परिघाचा सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारे वर्तुळाकार यंत्र) आहे, आणि तिथल्या शोषण-वर्णपट मोजणाऱ्या किरणरेषेवरही आधी तांब्यासारख्या ज्ञात धातूचा पातळ पत्रा लावून त्याची ८९७९ इलेक्ट्रॉन व्होल्टची कडा, म्हणजे जिथे शोषण एकदम वाढते ती जागा, बरोबर येते का ते पाहतात. इतक्या मोठ्या यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी पत्र्याला विचारावे लागते, तर आपल्या टेबलावरच्या यंत्राचे काय!

रोधाचे मोजमाप शेवटच्या आठवड्यात होईल आणि तेवढा वेळ पुरतो. या प्रमाणाच्या पदार्थाचा रोध थंड करत गेल्यास आधी वाढतो आणि साधारण २५० केल्विनजवळ माथा गाठून पुढे घसरतो, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये सगळी गोष्ट दिसते. माथा १५-२० केल्विन इकडेतिकडे आला तर घाबरू नका. ऑक्सिजनचे प्रमाण, कणांचा आकार आणि भाजण्याचे तापमान यांवर तो अवलंबून असतो. थंड करताना आणि गरम करताना असे दोन्ही आकडे घ्या. दोन्ही रेषा एकमेकींपासून दूर राहिल्या तर बहुधा तापमापक गोळीपासून लांब आहे किंवा तुम्ही घाईत आहात. द्रव नायट्रोजनबाबत एक गोष्ट कोणी सांगितली नसेल तर मी सांगते: एक लिटर द्रवाचा जवळपास सातशे लिटर वायू होतो आणि तो खोलीतल्या ऑक्सिजनची जागा घेतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा आणि भरलेले पात्र घेऊन लिफ्टमध्ये कधीही चढू नका.

मार्गदर्शक भेटत नाहीत ही तक्रार खरी असली तरी त्यावर रुसून उपयोग नाही. दर शुक्रवारी दुपारी त्यांना एक पानाचा मेल लिहा. त्यात या आठवड्यात काय केले, काय दिसले, पुढच्या आठवड्यात काय करणार, आणि हो किंवा नाही असे उत्तर देता येईल असा एकच प्रश्न असावा. ‘सर, मार्गदर्शन करावे’ या वाक्याला दौऱ्यावरचा माणूस उत्तर देत नाही. ‘पाच प्रमाणांऐवजी एकच प्रमाण आणि आर्द्रतेची नोंद असे केले तर चालेल का?’ याला विमानतळावरूनही उत्तर येते.

तुमच्या शेजारच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांविषयी मला थोडी सहानुभूती आहे. इंदूरच्या प्रयोगशाळांमध्ये मराठी घरातले असले तरी सगळे एकमेकांना भैया आणि दीदीच म्हणतात, आणि या भैयांची शिष्यवृत्ती बहुधा संपत आलेली असते, प्रबंध अर्धवट असतो आणि त्यांच्या भट्टीच्या पाळीत दर उन्हाळ्यात कोणीतरी नवीन येऊन बसते. त्यांना दिवसातून दहा वेळा छोटे प्रश्न विचारण्याऐवजी प्रश्न वहीत साठवा आणि चहाच्या वेळी एकदम विचारा. त्यांची एखादी मूस धुऊन ठेवा, त्यांचा नमुना भट्टीतून काढून द्या. तुमच्या मोजमापाचा त्यांच्या प्रबंधात उपयोग होणार असेल तर श्रेयाचे काय, हे आत्ताच, साध्या शब्दांत विचारून घ्या. शेवटच्या दिवशी विचारलेला तोच प्रश्न भांडणासारखा ऐकू येतो. एका घाण्यासाठी सहलेखक होण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. ऋणनिर्देशात नाव येणे योग्य आहे.

अहवालाची तुम्हाला वाटणारी भीती अनाठायी आहे. निकाल थोडे असतील तर कृती सविस्तर लिहा. इंदूरच्याच मातीतले उदाहरण देते. १९२४ ते १९३१ या काळात ॲल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पतिउद्योग संस्थेचे संचालक होते आणि यशवंत वाड हे त्यांचे रसायनशास्त्रातले सहकारी होते. त्यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी रीत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. ती पोहोचली कारण काय किती घालायचे, ढीग केव्हा पालटायचा, ओल किती ठेवायची हे सर्व असे लिहिलेले होते की दूरदेशीच्या मळेवाल्यालाही ते जसेच्या तसे करता यावे. तुमच्या अहवालाचे पहिले प्रकरण त्या कसोटीवर लिहा. बाटलीवरचा बॅच क्रमांक, ती कधी उघडली, भट्टी दर मिनिटाला किती अंश वाढवली, वीज कधी गेली आणि भट्टी किती वेळ बंद राहिली, हे सगळे त्यात यावे. पहिले दोन बिघडलेले नमुने परिशिष्टात लपवू नका. तिन्ही आलेख एकाखाली एक एकाच पानावर छापा, ३६ अंशांवर एक उभी रेषा ओढा, आणि वजनातल्या घटीचा आकडा शेजारी लिहा. सादरीकरणात परीक्षकांची नजर आधी त्याच पानावर जाईल आणि निम्मे प्रश्न तुम्हाला येत असलेलेच निघतील.

शिफारसपत्राबद्दल थोडक्यात सांगते. ज्यांनी तुम्हाला चार वेळा पाहिले आहे ते ‘मेहनती आणि नम्र’ असे तीन ओळींचे पत्र देतील, आणि अशा पत्राचा फारसा उपयोग नसतो. शुक्रवारचे मेल त्यांच्याजवळ असतील तर त्यांना लिहायला काहीतरी हाती लागेल. ‘दूषित रसायनाचा दोष स्वतः शोधून आकड्यांनी सिद्ध केला’ हे एक वाक्य मला एखाद्या अर्जदाराच्या पत्रात दिसले असते, तर मी तिला मुलाखतीला बोलावले असते. प्रमाणपत्र कार्यालयातून मिळते आणि त्याला ग्रंथालय, प्रवेशपत्र, भांडार अशा सह्या लागतात. त्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवा.

घरच्या बाजूचाही तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे. रामबागेतल्या मावशींच्या दृष्टीने भाची सुट्टीला आली आहे, त्यामुळे आज सराफ्यातल्या खाऊगल्लीत, उद्या कोणाच्या मुंजीला, रविवारी आमरसाला, असे चालणारच, आणि ते सगळे नाकारून तिथे राहणे शोभणारही नाही. भट्टी मात्र आमरसासाठी थांबत नाही. कोणत्या रात्री उशीर होणार हे आठवड्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा आणि परतीच्या सोबतीचीही सोय ठरवा. माझ्या वेळी मामा स्कूटर घेऊन फाटकाशी उभे राहत, आणि पहिल्या दोन गोळ्या बिघडल्यानंतर माझ्याइतकेच चिंतेत असत.

मार्गदर्शक येत्या आठवड्यात परतणार असतील, तर त्यांच्यासमोर जाताना दोन कागद न्या: रात्रभर भाजण्याआधीची आणि नंतरची वजने, आणि दोन्ही घाण्यांचे आलेख. वजनांचा कागद आधी ठेवा. ते आकड्याकडे पाहून ‘बाटली कोणती?’ असे विचारतील तेव्हा बाटलीच्या चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवा, आणि मग आलेख.